कप: मापाचा आणि साच्याचा

माझ्या पहिल्या केकला साबणाची चव होती. वरून तांबूस-तपकिरी, मधोमध खड्डा पडलेला, आणि घास गिळला तरी जिभेवर खारट-कडवट काहीतरी रेंगाळत राहायचं. कृती एका मासिकातून उतरवून घेतली होती: दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा. घरात कप होता तो चहाचा, कान तुटलेला. आईने तिची नेहमीची वाटी पुढे केली. "वाटी घे की. प्रमाण एकच राहिलं म्हणजे झालं." शंकरपाळ्यांपासून सात कप बर्फीपर्यंत तिचं सगळं त्या एका वाटीवर बिनबोभाट चालत आलं होतं.

चूक कुठे झाली ते बऱ्याच वर्षांनी कळलं. आईच्या वाटीत जेमतेम १५० मिलिलिटर मावायचं, कृतीतला कप होता २४० मिलिलिटरचा. मैदा, दही, साखर आणि तेल एकाच वाटीने मोजल्यामुळे त्यांचं आपसातलं नातं जसंच्या तसं राहिलं. सगळी मंडळी सारख्याच प्रमाणात आक्रसली. चमचा मात्र ५ मिलिलिटरचाच राहिला. म्हणजे सोडा हवा होता त्याच्या दीडपटीहून अधिक पडला. दह्यातल्या आंबटपणाला जेवढा पुरला तेवढा फसफसून गेला. उरलेला तसाच पिठात राहून साबणाची चव आणि तांबूस रंग देऊन गेला. आईचं म्हणणं बरोबर होतं. फक्त चमच्यापर्यंत ते पोहोचलं नव्हतं.

या प्रकरणात आपल्याला ४० छोटे कपकेक करायचे आहेत. निमित्त भाचीच्या आठव्या वाढदिवसाचं, चवी चार, ओव्हन घरातला साधा ओटीजी. ते करता करता लक्षात येईल की 'कपकेक' या शब्दातला कप दोन जागी काम करतो. एक मापाचा कप, दुसरा साच्याचा. घरी केलेले कपकेक बिघडतात ते बहुतेक वेळा या दोघांपैकी एकाला गृहीत धरल्यामुळे.

रत्तलाची जागा कपाने घेतली

जुन्या इंग्रजी केकचं माप वजनाचं होतं. 'पाउंड केक' हे नावच त्यावरून पडलं: एक पाउंड, म्हणजे आपल्या आजोबांच्या भाषेत एक रत्तल लोणी, तितकीच साखर, तितकीच अंडी, तितकाच मैदा. त्यासाठी घरात तराजू हवा, आणि एवढा मोठा केक भाजायला तशी भट्टीही. अमेरिकेतल्या साध्या घरांत चहाचा कप हाताशी असायचा; तराजू असेलच असं नव्हतं.

१७९६ मध्ये कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला अमेलिया सिमन्स या बाईंचं 'अमेरिकन कुकरी' हे पुस्तक छापलं गेलं. अमेरिकन लेखिकेने लिहिलेलं आणि अमेरिकेत छापलेलं हे पहिलं पाकपुस्तक मानतात. त्यात छोट्या कपांमध्ये भाजायच्या हलक्या केकची एक कृती आहे. हा झाला साच्याचा कप. पुढे १८२८ मध्ये फिलाडेल्फियाच्या एलिझा लेस्ली यांनी आपल्या पुस्तकात 'कप केक' असं नावच दिलं. तिथे काकवीच्या जातीची मोलॅसिस, साखर, लोणी, दूध, मैदा असं सगळं चहाच्या कपाने मोजलेलं होतं. हा मापाचा कप. दोन अर्थ एकाच नावात मुरले ते असे.

कपाच्या मापाची गंमत अशी की कप केवढा आहे याला फारसं महत्त्व उरत नाही. अमेरिकेत पुढे 'एक-दोन-तीन-चार' केक घरोघरी पाठ झाला: एक कप लोणी, दोन कप साखर, तीन कप मैदा, चार अंडी. कृती लिहून ठेवायचीही गरज नाही. आपल्याकडची सात कप बर्फी याच घराण्यातली. बेसन, खोबरं, दूध आणि तूप एकेक कप, साखर तीन कप, बेरीज सात. कप पितळी असो की प्लॅस्टिकचा, बर्फी पडते.

मग हे सुरळीत चाललेलं गणित बिघडलं कुठे? पीठ फुगवायचं काम रसायनांकडे गेलं तिथे. आधी केक फुगायचा तो अंडी आणि लोणी हात दुखेपर्यंत फेटून आत कोंडलेल्या हवेवर. सिमन्सबाईंच्या पुस्तकात राखेपासून काढलेला 'पर्ल अ‍ॅश' नावाचा क्षार काही कृतींत दिसतो. १८४३ मध्ये इंग्लंडच्या आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर तयार केली. त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत एबेन हॉर्सफर्ड या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी फॉस्फेटवर आधारलेली पावडर बाजारात आणली. हे पदार्थ कपाने नव्हे, चमच्याने मोजायचे. थोडं इकडेतिकडे झालं तरी चव बिघडायची. एकाच कृतीत कप आणि चमचा शेजारी आले, आणि कप केवढा हा प्रश्न पहिल्यांदाच अटीतटीचा झाला. १८९६ मध्ये बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी आपल्या पाकपुस्तकात सपाट कप आणि सपाट चमच्याचा आग्रह धरला. शीग लावायची नाही, सुरीच्या पाठीने पुसून घ्यायचं. माझ्या साबणी केकचं उत्तर तिथे शंभराहून अधिक वर्षं आधी छापून ठेवलेलं होतं.

आपल्या भागात छोटा केक आला तो इराण्यांच्या बेकरीतून. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनासमोर १९१४ मध्ये सुरू झालेलं बी. मेरवान किंवा पुण्याच्या कॅम्पातली १९५५ सालची कयानी बेकरी ही नावं घेतली की अनेकांच्या तोंडाला पाणी सुटतं. वेलचीचा वास, खव्याचा दाटपणा आणि खाली तुपकट कागद असलेला मावा केक हा आपला अस्सल कपकेक. डोक्यावर क्रीम नाही म्हणून त्याला कोणी त्या नावाने हाक मारली नाही, एवढंच. २००० सालाच्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका बेकरीचे कपकेक दूरचित्रवाणी मालिकेत झळकले, त्यांची जगभर लाट आली आणि डोक्यावर क्रीमचा उंच तुरा असलेलं रूप आपल्याकडेही वाढदिवसांत शिरलं.

छोटा म्हणजे मोठ्याचं पिल्लू नव्हे

आता साच्याकडे वळू. नेहमीच्या कपकेकच्या साच्याचं तोंड साधारण ७ सेंटिमीटर रुंद असतं, छोट्याचं साडेचार. फरक फार वाटत नाही. पण रुंदीबरोबर लांबी आणि उंचीही घटते, त्यामुळे छोट्या साच्यात मोठ्याच्या जवळपास चौथाई पीठ मावतं.

एक हिशेब मनातल्या मनात करून पाहा. केकची वरून, खालून आणि कडेने अर्धा सेंटिमीटर जाडीची साल काढली असं समजू. १८ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर उंच केकचा जेमतेम चौथा हिस्सा सालीत जाईल. नेहमीच्या कपकेकचा निम्म्याला थोडा कमी. छोट्या कपकेकचा मात्र जवळजवळ दोन तृतीयांश भाग सालीतच संपेल! सालीचा भाग सगळ्यांत आधी तापतो, आधी रंग घेतो आणि आधी कोरडा पडतो. म्हणून छोटा कपकेक म्हणजे बराचसा कडेचाच केक. तो खमंग लागतो तो त्यामुळे, आणि दुसऱ्या दिवशी दगडासारखा होतो तोही त्यामुळेच.

वेळेचंही असंच आहे. उष्णतेला कडेपासून गाभ्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. अंतर निम्मं झालं तर वेळ चौथाईवर येतो. ७ सेंटिमीटरचा कपकेक १८० अंशांवर २० मिनिटांत होत असेल, तर साडेचार सेंटिमीटरचा या नियमाने ८ मिनिटांत व्हायला हवा. प्रत्यक्षात १० ते १२ मिनिटं लागतात, कारण थंड ट्रे आणि कागद तापण्यात थोडा वेळ जातो. पण इथे खरी मेख निराळीच आहे. वीस मिनिटांच्या केकला दोन मिनिटं जास्त झाली तर तो दहा टक्के जास्त भाजला गेला. दहा मिनिटांच्या केकला तीच दोन मिनिटं म्हणजे वीस टक्के. फोन घ्यायला बाहेरच्या खोलीत गेलात की संपलं.

या छोटेपणाचा एक मोठा फायदाही आहे, आणि आपल्याकडच्या वाढदिवसांना तो फार उपयोगी पडतो. बोलावलेल्या मुलांत कोणी अंडं न खाणारं असतंच, म्हणून घरचा केक बहुधा बिनअंड्याचा. अंड्यातली प्रथिनं तापून घट्ट होतात आणि फुगलेल्या पिठाला सांगाड्यासारखी धरून ठेवतात. अंडं नसलं की ती सगळी जबाबदारी मैद्यातल्या स्टार्चवर येते. साखर जास्त असली की स्टार्च उशिरा घट्ट होतो. मोठ्या भांड्यात मधला भाग कडेपासून लांब असतो. तो फुगतो पण वेळेत बसकण धरत नाही, आणि ओव्हनचं दार उघडलं की खाली जातो. छोट्या साच्यात 'मध्य' असा लांबचा भागच नाही. चारी बाजूंनी कागद आणि पत्रा आधाराला असतो. बिनअंड्याचं पीठ मोठ्या भांड्यापेक्षा इथे जास्त सुखात असतं. ज्यांचा बिनअंड्याचा केक नेहमी मधे बसतो, त्यांनी तेच पीठ एकदा छोट्या साच्यात घालून पाहावं.

एक पीठ, चार चवी

ज्या कृतीने मला पहिल्यांदा दगा दिला, तीच आता घेऊ. पण या वेळी वजन करून. मैदा १९० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, घट्ट ताजं दही २४० ग्रॅम, वास नसलेलं तेल १२० मिलिलिटर, बेकिंग पावडर सव्वा चमचा, सोडा अर्धा चमचा, व्हॅनिला एक चमचा. चमचे सपाट. सगळं मिळून साधारण ७०० ग्रॅम होतं. एका छोट्या साच्यात १७-१८ ग्रॅम पीठ घातलं की तो दोन तृतीयांश भरतो, म्हणजे ४० कपकेक.

मैद्याचं वजन सांगितलं त्याला कारण आहे. कप डब्यात खुपसून भरला तर त्यात मैदा दाबून बसतो. चमच्याने हलका सोडून भरला तर पोकळ राहतो. त्याच कपात कधी १२० ग्रॅम मैदा येतो, कधी १५०. भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, आमटी पातळ झाली तर उकळून आटवता येते. केकमागे ओव्हनचं दार एकदा बंद झालं की हातात काही उरत नाही. स्वयंपाकघरातला आपला लाडका 'अंदाजे' इथे दाराबाहेर थांबतो.

तेल घ्यायचं ते या कडेवाल्या केकसाठीच. लोणी गार झालं की थिजतं आणि केक कडक लागतो. तेल पातळच राहतं, म्हणून दुसऱ्या दिवशीही लुसलुशीतपणा टिकतो. सोड्याचं प्रमाण दह्यावरून ठरतं: एक कप दह्यातला आंबटपणा अर्धा चमचा सोडा पुरता वापरून टाकतो. बेकिंग पावडरमध्ये सोड्यासोबत तिचं स्वतःचं कोरडं आम्लही असतं. तिचा काही भाग ओलावा लागताच काम करतो आणि उरलेला भट्टीच्या उष्णतेत.

इथे एक अडचण येते. ट्रे २४ खळग्यांचा, केक ४०. दुसरी खेप होईपर्यंत पीठ ताटकळलं तर दही-सोड्याचे बुडबुडे निघून जातात. ढोकळ्याच्या पिठात सोडा घातला की आपण कशी धावपळ करतो, पाणी आधीच उकळत ठेवतो, तसंच. म्हणून कोरडं मिश्रण चाळून दोन सारखे भाग करायचे. दही, साखर आणि तेलाचेही दोन. पहिली खेप भट्टीत गेली की दुसऱ्या दह्यात सोडा घालायचा. प्रत्येक खेपेला पाव चमचा सोडा, वीस केक, दोन चवी. ट्रेमधले चार खळगे रिकामे राहिले तरी काही बिघडत नाही.

दह्यात साखर विरघळवून सोडा घालायचा. पाच मिनिटांत त्यावर फेस धरतो. मग तेल आणि व्हॅनिला, आणि शेवटी मैदा दोन-तीन वेळा करून. मैदा पडला की हात आवरायचा. मैदा ओला करून घोटत राहिलं की त्यात ग्लुटेन नावाची चिवट जाळी तयार होते. पोळीला ती हवी असते, केकला नको. जास्त घोटलेल्या छोट्या कपकेकला टोकदार डोकं येतं आणि कापल्यावर आत उभी भोकं दिसतात. थोड्या गुठळ्या राहिल्या तर राहू द्याव्यात.

पहिल्या खेपेच्या दोन चवी फिक्या रंगाच्या: केशर-वेलची आणि संत्रं. केशराचा रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. म्हणून काड्या चमचाभर कोमट दुधात आधी भिजत घालायच्या आणि ते दूध पिठात मिसळायचं. संत्र्याचं उलटं. वास असतो सालीच्या तेलात. रसातून मुख्यतः पाणी आणि आंबटपणा येतो, आणि आपलं आंबटपणाचं गणित दह्याने आधीच पुरं केलेलं आहे. त्या खेपेतली दोन चमचे साखर बाजूला ठेवून तिच्यात सालीचा कीस बोटांनी चोळायचा, म्हणजे तेल साखरेत उतरतं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, म्हणून फळ सोलण्याआधीच हलक्या हाताने किसावं. खालचा पांढरा भाग लागला की कडवटपणा येतो.

दुसऱ्या खेपेत कोको आणि नारळ. योगायोग असा की लेस्लीबाईंचं पुस्तक आलं त्याच १८२८ साली नेदरलँड्समधल्या फान हाउटन यांच्या कारखान्याने कोकोच्या दाण्यांतली चरबी दाबून काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि कोको पावडर स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली. दहा छोट्या केकना दीड टेबलस्पून कोको पुरतो. तो कोरडाच घातला तर पिठातलं पाणी शोषून घेतो आणि केक घशात अडकतो. म्हणून तितक्याच गरम पाण्यात कालवून घालायचा. वासही जास्त खुलतो. नारळाची चव गोव्याच्या बाथवरून उचलली आहे. रवा आणि नारळाचा हा केक तिथे नाताळात घरोघरी होतो. आपण पिठात दोन टेबलस्पून सुकं खोबरं आणि एक टेबलस्पून बारीक रवा घालू, पण दोन्ही दोन टेबलस्पून दुधात आधीच भिजवून. नाहीतर भट्टीत गेल्यावर ते पिठातला ओलावा ओढून घेतात.

वर दाखवायला टुटीफ्रुटी हवी असेल तर भाजायच्या आधी तीन-चार तुकडे ठेवायचे. रंगीबेरंगी फळांचा आव आणणारी ही टुटीफ्रुटी म्हणजे पाकात मुरवलेली कच्ची पपई, हे मुलांना सांगून पाहा. कोणी विश्वास ठेवणार नाही.

बारा मिनिटं

ओव्हन १५ मिनिटं आधी १७५ अंशांवर तापवून ठेवायचा. तापायचा दिवा विझला म्हणजे ओव्हन तयार झाला असं समजू नये. पत्रा आणि जाळी तापायला आणखी वेळ लागतो. ओटीजीत मागची बाजू बहुधा जास्त तापते. तुमच्या ओव्हनचा स्वभाव ओळखायचा तर एकदा ट्रेमध्ये ब्रेडच्या स्लाइस पसरून भाजून पाहा. ज्या आधी तांबूस होतात, तो कोपरा तापट. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये गरम हवा फिरत राहते, तिथे तापमान १५-२० अंशांनी उतरवावं.

ट्रे मधल्या कप्प्यात. पहिली आठ मिनिटं दार उघडायचं नाही. नवव्या मिनिटाला ट्रे फिरवायचा आणि दहाव्याला टूथपिक घालून पाहायची. कोकोच्या केकचा रंग बदललेला डोळ्यांना कळत नाही, तिथे टूथपिकवरच भिस्त. तिला ओलं पीठ लागलं तर एक मिनिट आणखी. एक-दोन कोरडे कण लागले तर लगेच बाहेर. कडा कागदापासून सुटायची वाट पाहू नये, तोवर उशीर झालेला असतो. पाच मिनिटांनी केक साच्यातून काढून जाळीवर ठेवायचे, नाहीतर वाफ तळाशी जमून कागद भिजतो. दुसऱ्या खेपेआधी ट्रे नळाखाली धरून पूर्ण गार करायचा. तापलेल्या ट्रेत पीठ घातलं तर ते भट्टीत जायच्या आधीच कडेने शिजू लागतं.

ओव्हन नसेल तरी अडत नाही. कुकरच्या तळाशी मीठ किंवा वाळू, वर स्टँड, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढलेली, आणि आत छोट्या स्टीलच्या वाट्या, हा उद्योग आपल्या कितीतरी घरांत झालेला आहे. त्याहून सोपं अप्पेपात्र. बारा खळग्यांचा हा तयार साचा बहुतेक घरांत असतोच. तेलाचं बोट फिरवून, मंद आचेवर, झाकण ठेवून भाजायचं आणि शेवटी अप्प्यांसारखं उलटायचं. घेर वाटोळा येतो आणि कागद लागत नाही. आपण वर्षानुवर्षं साच्याच्या कपातच अप्पे करत आलो आहोत, फक्त त्यांना केक म्हटलं नाही.

डोक्यावर काय आणि किती

छोट्या कपकेकवर मोठ्याचा तुरा चढवला की तोल जातो. १६ ग्रॅमच्या केकवर २० ग्रॅम क्रीम म्हणजे नुसतं क्रीमच खाणं. सहा ते आठ ग्रॅम पुरे, लहान चांदणी नोझलचा एकच वळसा.

लोण्याचं आयसिंग आपल्या हवेत नेहमी दगा देतं. लोण्यातली चरबी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळते आणि मे महिन्यात नागपूरच काय, पुण्यातलं स्वयंपाकघरही त्याच्या वर असतं. बेकरीतलं क्रीम उन्हातही ताठ राहतं, कारण ते बरेचदा जास्त अंशांवर वितळणाऱ्या वनस्पती चरबीचं असतं; टाळूला चिकटतं ते म्हणूनच. घरच्या लोण्यात ताकाचा अंश राहतो, त्यामुळे ते फेटताना फाटू शकतं.

त्यापेक्षा आपल्या जवळचे उपाय बरे. केशरी केकवर चक्का. दही चार-पाच तास टांगून घट्ट करायचं आणि साखर अगदी वेळेवर घालायची. साखर पडली की चक्का पाणी सोडू लागतो, हे श्रीखंड करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. कोकोच्या केकवर समान वजनाचं चॉकलेट आणि गरम साय किंवा क्रीम एकत्र करून केलेलं गनाश. केक उलटा धरून त्यात बुडवला की वर चकचकीत टोपी बसते. चॉकलेटमध्ये खरं कोको बटर असेल तर ते शरीराच्या उष्णतेपेक्षा किंचित कमी तापमानाला वितळतं, म्हणून ते जिभेवर विरघळतं. संत्र्याच्या केकवर पिठीसाखर थोड्या रसात कालवून पातळ थर. नारळाचा केक तसाच ठेवावा, मावा केकच्या बाण्याने.

केक आदल्या रात्री भाजून हवाबंद डब्यात ठेवावेत. आयसिंग त्या दिवशी. पिस्ता किंवा काजू वर लावला असेल तर त्या केकचा कागद वेगळ्या रंगाचा घ्यावा आणि मुलांच्या आयांना आधीच सांगावं. कोणाला सुकामेवा सोसत नाही हे समारंभाच्या मधोमध कळू नये.

मांडणी

छोट्या केकमुळे एक भांडण मिटतं. मोठा केक कापला की गुलाब कोणाला आणि मोठा तुकडा कोणाला यावर सभा भरते. इथे प्रत्येकाला अख्खा केक मिळतो, आणि चार चवींमुळे नवीन चर्चा सुरू होते ती बरी असते.

भाचीच्या वाढदिवसाला आम्ही टेबलावर जुनी चादर अंथरली आणि खडूने मोठा ८ काढला. मग त्या रेषेवर केक मांडले. कोको आणि केशर आलटून पालटून, वळणावर नारळ, टोकांना संत्रं. ८ पुरा झाला तेव्हा ३७ केक लागले होते. उरलेले तीन कुठे गेले हे कोणीच कबूल केलं नाही. मेणबत्त्या आठ, आठ केकवर एकेक. आधी औक्षण, मग फुंकर, आणि मग दहा मिनिटांत ८ चा आकार वरून खाली विरघळत गेला. चादरीवर रंगीत कागद उरले.

सगळे गेल्यावर आईने तिची वही काढली. "सांग, वाट्यांत सांग." मी तिची तीच वाटी घेतली, मोजपात्रातून पाणी ओतून मोजली, १५० मिलिलिटर. दीड वाटी मैदा, एक वाटी दही, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, तिने लिहून घेतलं. बेकिंग पावडर पाऊण चमचा. सोडा पाव चमचा, वर एक चिमूट. "किती होतील?" पंचवीस, मी म्हटलं. तिने पेन थांबवलं, मागच्या पानावरची जुनी केकची कृती शोधली आणि तिच्यातल्या 'सोडा अर्धा चमचा' या ओळीवर काट मारली. मग नव्या कृतीच्या खाली लिहिलं: 'चमचासुद्धा वाटीच्या हिशेबाने.'